मला शुद्ध पाणी नको

मी एक जुनी काचेची टाकी आहे, आणि मी गळत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण जुनी टाकी म्हटलं की लोक पहिल्यांदा माझ्याकडे बघत नाहीत, माझ्याखालच्या फरशीकडे बघतात. बघा खुशाल. फरशी कोरडी आहे. माझ्यात पाणी आहे, वाळू आहे, झाडं आहेत, गप्पी मासे आहेत आणि एक गोगलगाय आहे, जिला एका दातांच्या डॉक्टरने तपासलेलं आहे. ते पुढे येईलच.

माझा जन्म एका काच कापणाऱ्याच्या दुकानात झाला. कानामागे पेन्सिल, हातात काच कापायची हिरकणी, आणि तोंडात सदानकदा शीळ, असा तो माणूस होता. आम्ही सगळ्या एकाच मोठ्या तावदानातून निघालो. माझी एक बहीण न्हाणीघराची खिडकी झाली. तिला घासून धुरकट केल्यामुळे ती जन्मभर डोळे मिटून उभी आहे. दुसरी एका साहेबांच्या टेबलावर आडवी पडली आणि चहाच्या कपांची वर्तुळं अंगावर झेलत राहिली. मी मात्र पाच तुकड्यांची एक झाले. काचवाल्याने माझ्या सांध्यांत आंबट वासाचा चिकट गोंद भरला, तो वाळू दिला, मग मला काठोकाठ भरून खाली वर्तमानपत्र पसरलं. दोन-तीन दिवसांनी त्याने ते वर्तमानपत्र ओढून काढलं आणि निवांत बसून वाचलं. कोरडं होतं. माझी परीक्षा एवढीच झाली, आणि त्यानंतर माझ्याकडून कुणी काही सिद्ध करून घ्यायची गरज नव्हती. पण लोकांना कोण समजावणार?

मला जिने विकत आणलं तिला सगळे ताई म्हणत. तेव्हा तिचं लग्न नवं होतं. सासरच्या घरात पडदे सासूबाईंच्या पसंतीचे होते, भिंतींचा रंग सासऱ्यांच्या पसंतीचा होता आणि टीव्हीचा आवाज नवऱ्याच्या. ताईच्या पसंतीची मी. तिने माझ्या तळाशी जाड वाळू घातली, मागे फितीसारख्या लांब पानांचं गवत लावलं आणि मधोमध तलवारीच्या पात्यांसारख्या पानांचं एक झाड. त्या झाडाला ती नुसतं ‘तलवार’ म्हणायची. पाणी साधं नळाचं. ते बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीनचा वास उडून जातो, आणि मग माझ्यात ओतायचं. आठवड्याला थोडं जुनं काढायचं, थोडं नवं घालायचं. संपलं काम.

तुम्हाला वाटत असेल, पाण्यातली झाडं पाण्यावर जगतात. चूक. ती पाण्यात बुडालेली असतात, त्यांना पाण्याचं काय कौतुक? ती पाण्यात विरघळलेलं खातात. नळाचं पाणी दिसतं रिकामं, पण ते दगडांतून, मातीतून, तळ्यांतून वाट काढत येतं आणि रिकाम्या हाताने येत नाही. येताना थोडा चुना आणतं, थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट, आणखी काय काय चिमूटभर. पाहुणा दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या पिशवीत काय आहे हे दिसत नाही, तसंच हे. ताईलाही तेव्हा हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाही तिचं सगळं बरोबर चाललं होतं. पुष्कळांचं असंच चालतं.

मग एके दिवशी ताईने ते घर सोडलं. का सोडलं ते मला माहीत आहे, कारण मी त्याच खोलीत होते. पण काच आरपार असली म्हणून तिने सगळं आरपार सांगावं असं थोडंच आहे? एवढं सांगते, की नवऱ्याने विचारलं, काय काय नेणार आहेस. ताईने एक बॅग दाखवली आणि माझ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, टाकी इथली आहे. ताई म्हणाली, “हवं तर पाणी ठेवून जाते.”

आणि खरोखरच दोन बादल्या पाणी दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून ती निघाली.

तिला न्यायला तिचा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला होता. मासे एका झाकणाच्या डब्यात, ताईच्या मांडीवर. झाडं आणि गोगलगाय ओल्या फडक्यात. भावाने मला मागच्या सीटवर ठेवून व्यवस्थित पट्टा बांधला. ताईला पट्टा लाव म्हणायला मात्र विसरला.

हा भाऊ म्हणजे दातांचा डॉक्टर. घरी ताई त्याला सोन्या म्हणायची आणि दवाखान्यात डॉक्टर. रागावली की दवाखान्यातही सोन्या. खाली त्याचा दवाखाना, वर त्याचं घर. वरच्या घरात ताईला वहिनीच्या शिवणयंत्राशेजारी एक पलंग मिळाला. पलंग पाहुण्यांचा, उशी भाचीची, कपाटातला अर्धा कप्पा उसना. खाली तिला काउंटरवर बसायचं काम मिळालं. फोन घ्यायचे, पेशंटना नंबर द्यायचे, दाढ काढून आलेल्यांना आज गरम खाऊ नका म्हणून सांगायचं. आणि मला मिळाली वेटिंग रूममधली, काउंटरच्या अगदी समोरची जागा. त्या दोन मजल्यांत ताईचं म्हणावं असं काही असेल, तर ती मी होते.

काय दिवस होते ते. गाल सुजलेली माणसं यायची, माझ्यासमोर बसायची आणि कण्हायचं विसरायची. लहान मुलं काचेला नाक लावायची. तलवारीला एकामागून एक पान फुटत होतं. गवताने मागची भिंत झाकून टाकली होती. कवळीचं माप द्यायला येणारे एक आजोबा होते. त्यांची कवळी कधीच नीट बसली नाही आणि मला वाटतं, ती बसू नये अशीच त्यांची इच्छा होती, कारण तिच्या निमित्ताने ते रोज माझ्यासमोर येऊन बसत. ते म्हणत, या दवाखान्यात न दुखणारी जागा ही एकच.

आता नळाच्या पाण्यात चुना असतो हे मी सांगितलंच. पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. हळूहळू माझ्या काठाशी, पाण्याच्या रेषेवर, एक पांढरा थर धरला. साध्या माणसाला तो पांढरा पट्टा दिसतो. दातांच्या डॉक्टरला ते कीटण दिसतं.

एका दुपारी सोन्या बाहेर आला, थबकला, आत गेला आणि दात खरवडायचं अवजार घेऊन परत आला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला आणि सवयीने म्हणाला, तोंड उघडं ठेवा. मला तोंड एकच, आणि ते कायम उघडंच असतं. त्याने चारी बाजूंचं कीटण काढलं, एका वाटीत गोळा केलं आणि ताईला दाखवलं, की बघ, हे तुझे मासे पितात.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः एक कॅन उचलून आणला. दवाखान्यात अवजारं वाफेत निर्जंतुक करायचं एक यंत्र होतं. त्या यंत्रासाठी डिस्टिल्ड पाण्याचे कॅन यायचे, कारण साध्या पाण्याने यंत्रात चुना बसतो. सोन्या म्हणाला, की ज्या पाण्याने माझी अवजारं शुद्ध होतात त्याच पाण्यात यापुढे तुझे मासे राहतील. माझी बहीण माझ्याकडे आली आहे, तिच्या माशांनी नळाचं पाणी का म्हणून प्यायचं?

ताईने पदराने— चुकलं, ओढणीने— नाक पुसलं. इतक्या वर्षांत माझ्यासाठी ताईशिवाय कुणी पाण्याचा एक तांब्याही उचलून आणला नव्हता आणि हा माणूस आख्खा कॅन खांद्यावरून आणत होता. अशा पाण्याला नाही कोण म्हणणार?

मी म्हणाले असते. पण मला विचारतो कोण?

मित्रांनो, डिस्टिल्ड पाणी म्हणजे काय ते ऐका. पाण्याची वाफ करायची आणि वाफेचं पुन्हा पाणी. वाफ होताना पाणी आपलं सगळं सामान खाली टाकून एकटंच वर जातं. त्यात चुना नाही, नायट्रेट नाही, काही म्हणजे काही नाही. यंत्राला ते उत्तम. यंत्र काही खात नाही. पण माझी तलवार खात होती, गवत खात होतं. दर आठवड्याला ताई मोठ्या मायेने थोडं भरलेलं पाणी काढायची आणि थोडं रिकामं पाणी घालायची. भरल्या ताटावरून एकेक वाटी उचलावी आणि तिथे धुतलेली, चकचकीत, रिकामी वाटी ठेवावी, तसं.

मी चकाचक झाले. काठावर एक डाग नाही. आणि तलवारीची जुनी पानं पिवळी पडू लागली. मग त्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली. नवं पान आलं ते करंगळीएवढं आणि फिकट. गवत देठापाशी विरघळू लागलं. गप्पींनी पर मिटून घेतले. गोगलगाईच्या पाठीवर पांढरे खड्डे पडले, पण ती पाठ कुणाला दाखवायची तिला सवय नव्हती.

वेटिंग रूममध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. तोंड दुखत असलं तरी माणसं सल्ला देतात. एकजण म्हणाला उजेड कमी पडतोय, त्याच्या शेजारचा म्हणाला जास्त होतोय. एका बाईंनी झाडांशी गोड बोलायला सांगितलं आणि ताई दोन दिवस बोललीही. कवळीवाले आजोबा म्हणाले, “वय झालं की गळायचंच. माझ्याकडे बघ.”

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की दोष माझा. सोन्याने सांगितलं, की पाणी तर शुद्ध आहे, म्हणजे जुनी काचच काहीतरी सोडत असणार. मी? मी सोडते? मित्रांनो, माझा सगळा जन्म काही न सोडण्यात गेला आहे. तोच माझा धंदा आहे. जिने पाण्याचा थेंब सोडला नाही ती आणखी काय सोडणार?

पण सोन्याने तोडगाही काढला होता. माझ्या जागी भिंतीवर एक मोठा टीव्ही लावायचा आणि त्यावर पोहणारे मासे दाखवायचे. ते मासे मरत नाहीत, त्यांचं पाणी बदलावं लागत नाही, आणि मधेमधे दात कसे घासावेत हेही दाखवता येतं. टीव्ही बसवणारा पुढच्या महिनाअखेरीला येणार होता. तोवर टाकी हिरवी झाली तर ठीक, नाहीतर ती गच्चीवर. ताई, तिच्यात पुदिना लाव, मस्त येईल, असं तो अगदी मनापासून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो तिचा त्रास वाचवतोय.

ताईने मान हलवली. मग तिने फडकं घेतलं आणि माझी पुढची काच पुसू लागली. पुसलेली जागा पुन्हा पुसली. पुन्हा पुसली. फोन वाजत होता, तो तिने घेतला नाही. गच्चीवर गेले तर मी एकटी जाणार नव्हते, माझ्याबरोबर ताईची इथली जागाही जाणार होती, हे मला त्या फडक्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी ती शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. दुकानदाराने पिवळं पान बघितलं आणि झाडांच्या खताची बाटली पुढे केली. जोडीला पाणी तपासायची एक पेटीही गळ्यात मारली, कारण ती त्याच्या फळीवर धूळ खात पडली होती. बाटली बघून सोन्याचं कपाळ आठ्यांनी भरलं. त्याच्या दवाखान्यात आधी तपासणी, मग औषध. आत बाटली न उघडताच कपाटात गेली, आणि काउंटरवर तपासणी सुरू झाली.

पेटीत काचेच्या छोट्या नळ्या होत्या. माझ्या दूरच्या नातलग, पण फार तोऱ्यात असतात. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि जो रंग येईल तो कागदावरच्या रंगांशी ताडून बघायचा. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. चुना शून्य. एकाही नळीत रंगाचा मागमूस नाही.

सोन्याने टाळी वाजवली. त्याचं शिक्षण असं, की तपासणीत शून्य आलं की पेढे वाटायचे. जंतू शून्य, कीड शून्य, पू शून्य. त्याने तो निकाल मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरवर चिकटवला. येणारेजाणारे ताईचं अभिनंदन करू लागले. मी पिवळी, भोकं पडलेली, अर्धमेली, आणि माझ्यासमोर माझ्या उत्तम प्रकृतीची पाटी. मला हात असते तर मी ती फाडली असती. मला हात नाहीत, म्हणून मी नुसती तिच्याकडे बघत राहिले, आणि काच बघायला लागली की पापणी लवत नाही.

तेवढ्यात कवळीवाले आजोबा आले. त्यांनी पाटी वाचली, कवळी काढून खिशात ठेवली आणि ताईला म्हणाले, “माझ्याही तोंडात आता सगळं शून्य आहे. कीड नाही, कीटण नाही. पण माझं अभिनंदन कुणी करत नाही, पोरी.”

सगळे हसले. ताई हसता हसता थांबली.

ती उठली आणि हात धुवायच्या बेसिनवर गेली. नळाखाली एक नळी धरली, थेंब टाकले. पाणी केशरी झालं, म्हणजे नायट्रेट. दुसऱ्या नळीतलं निळसर झालं, म्हणजे फॉस्फेट. सोन्या दारातून म्हणाला, की बघ, नळात किती घाण आहे ते बघ आता डोळ्यांनी. ताईने कपाटातून खताची बाटली काढली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. नायट्रेट. फॉस्फेट. ज्याला नळात घाण म्हणायचं, तेच बाटलीत झाडांचं जेवण म्हणून भरलं होतं.

“सोन्या,” ती म्हणाली. वेटिंग रूम भरलेली होती आणि ती डॉक्टर म्हणाली नव्हती, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. “आपण हिला उपाशी ठेवलंय.”

सोन्याला ते लागलं. कॅन कोण वाहतंय, पाठ कुणाची दुखतेय, इथपासून त्याने सुरुवात केली. मग त्याचा आवाज खाली आला. “तिकडच्या घरचं नळाचं पाणी चाललं तुला. आणि माझं पाणी वाईट?”

“तुझं पाणी चांगलंच आहे रे. त्यात काही नाहीये, एवढंच.”

आत खुर्चीवर एक पेशंट तोंडात कापूस घालून आ वासून पडला होता. तोही ऐकत होता. सोन्या माझ्याकडे वळला, बहुधा मलाच दोन शब्द सुनवायला. नेमकी त्याच वेळी गोगलगाय पुढच्या काचेवर चढत होती, पाठ त्याच्या नाकासमोर. त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. कपाळावरचा दिवा लावला, खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि पाण्यात धरला. गोगलगाय आखडली नाही. माझ्या घरात राहणारी आहे ती, घाबरते कसली.

तो म्हणाला, “हिची पाठ किडलीय.”

मग जरा थांबून, आपल्या रोजच्या पेशंटना सांगायच्या आवाजात म्हणाला, की कॅल्शियम कमी पडतंय. आणि हे वाक्य स्वतःच्याच कानांवर पडल्यावर तो स्टुलावर बसला. चुना म्हणजे कॅल्शियमच की. दातात असतं ते, शंखात असतं ते, आणि माझ्या काठावरून खरवडून त्याने वाटीत गोळा केलं होतं तेही तेच. सगळ्या मुलांना दूध प्या, दूध प्या सांगणाऱ्या माणसाने एका गोगलगाईचं दूध तोडलं होतं.

त्याने तिथल्या तिथे औषध सांगितलं. वास उडालेलं नळाचं पाणी, एक पेला, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. कुणाच्या जेवणानंतर, ते विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही. पण पेल्यापेल्याने घालायचं हे त्याने अगदी बरोबर सांगितलं. रिकाम्या पाण्याची सवय झालेल्या माशांवर एकदम भरलेलं पाणी ओतलं, तर तेही सोसत नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माणसं मायाळू असली की ताळतंत्र सोडतात. ताईला मी उपाशी राहिल्याचं इतकं वाईट वाटलं, की पेला तर तिने घातलाच, वर खताची बाटलीही पिळली. आठवडाभरात माझ्या काचांवर हिरवा बुरा चढला, पानांवर शेवाळाचे केस उगवले. झाडांनी खाऊन उरलं की उरलेल्यावर शेवाळ पंगत मांडतं. सोन्या ब्रश घेऊन आला. त्याला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

यावेळी मात्र दोघांनी भांडण केलं नाही, नळ्या काढल्या. नळाच्या पाण्यातच नायट्रेट इतकं होतं की बाटलीची गरजच नव्हती. ताईने बाटली बंद केली. अर्धं नळाचं आणि अर्धं कॅनचं असं पाणी करून बघितलं, पुन्हा तपासलं, नळाचं थोडं वाढवलं, पुन्हा तपासलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी अंदाजाने माया केली नाही, विचारून केली. तलवारीने हिरवं पान काढलं. ते हातभर झालं. गोगलगाईच्या पाठीवर जुने खड्डे राहिले, पण तोंडाशी नवा शंख गुळगुळीत येऊ लागला. सोन्या तिला रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी बघायचा.

आणि मग टीव्ही बसवणारा आला. शिडी, ड्रिल आणि खोका घेऊन दारात उभा. सोन्या ओशाळला. तो घाईघाईने सांगायला लागला की आता गरज नाही, चुकून राहून गेलं, परत घेऊन जा. ताई काउंटरवरून म्हणाली, की लावून घ्या. ही जागा रविवारी रिकामी होणार आहे.

मित्रांनो, मी दचकले. पाण्यावर बारीक लाट उठली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. एवढं सगळं करून शेवटी गच्चीच?

पण ताई माशांना खायला घालताना माझ्याशी बोलते, आणि त्या दुपारी तिने सगळं सांगितलं. कित्येक दिवस ती दुपारच्या सुट्टीत भाड्याच्या खोल्या बघत हिंडत होती. पर्समध्ये नळ्या घेऊन. खोली बघायला येणारी माणसं पंखा चालतो का बघतात, नळाला पाणी येतं का विचारतात. ही नळ उघडायची, नळी भरायची, थेंब टाकायची आणि खिडकीपाशी उजेडात धरून उभी राहायची. एका मालकिणीला वाटलं ही पाणी खात्यातली बाई आहे, आणि ती आपणहून मीटरचं सील कसं तुटलं ते सांगायला लागली. एका मालकाने विचारलं, बाई, तुम्हाला खोली हवी आहे की विहीर? एके ठिकाणी खोली झकास होती, पण पाणी रंगलंच नाही. ताई म्हणाली, इथे माझं जमायचं नाही. शेवटी एका पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावर खोली मिळाली. छोटी, एका खिडकीची. नळी तिथे हळूहळू केशरी झाली आणि ताईने तिथल्या तिथे हो म्हटलं.

सोन्या त्या दिवशी पेशंटवर पेशंट बघत राहिला. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर तो माझ्यासमोर बसला आणि काउंटरकडे न बघता म्हणाला, “इथे काय कमी होतं?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “तुझ्याकडे सगळं होतं, सोन्या. माझ्याकडे काही नव्हतं.”

रविवारी त्यानेच मला उचललं. अर्धी रिकामी करून, पोटाशी धरून, दवाखान्याच्या पायऱ्या उतरून, जिने चढून. एका हाताने त्याने दार ढकललं, आणि कोपऱ्यावर मला एक टवका उडाला. तो मी कुणाला लपवत नाही. खिडकीखालच्या टेबलावर मला ठेवून तो दारात घुटमळला. कॅन लागला तर सांग म्हणाला. दर आठवड्याला आणून देतो, मला काही जड नाही.

“पाणी नको,” ताई म्हणाली. “तू येत जा.”

तो येतो. येताना हात हलवत येतो आणि पहिल्यांदा गोगलगाईकडे बघतो.

आता मित्रांनो, शेवटी आम्ही जुन्या वस्तू विनंती करतो, तशी रीत आहे. आम्हाला टाकू नका, आम्हाला पुसा, आमच्यावर दया करा, वगैरे. मी दया मागणार नाही. मला दयेनेच मारायला घेतलं होतं. मी सांगते ते मुकाट्याने ऐका. तुमच्याकडे झाड असो, मासा असो, धाकटा भाऊ असो की घरी राहायला आलेली आत्या, ते पिवळं पडू लागलं तर त्याच्या भांड्याला नावं ठेवू नका. तुम्हाला जे चांगलं वाटतं ते ओतत सुटू नका. त्याला काय मिळत नाहीये, ते आधी विचारा. ते बोलत नसेल तर पाणी तपासा. पुन्हा तपासा. एका पेल्याने सुरुवात करा.

नव्या खोलीतलं पाणी जरा वेगळं आहे. चुना जास्त, बाकीचं कमी. त्यामुळे ताई बाटलीतले चार थेंब घालते, मोजून, आणि रागावल्यासारखं तोंड करून नळीकडे बघते. खाली पुस्तकं बांधणारा खळीचा ब्रश आपटत असतो, त्या तालात माझं पाणी हलतं. तलवारीचं एक नवं पान पाण्यात मावलं नाही. माझ्या काठावरून ते सरळ हवेत आलं आहे आणि खिडकीकडे वळतंय. बघणारे म्हणतात, कापून टाका, टाकीबाहेर जातंय.

जाऊ दे. मी पाणी अडवते. पानं नाही.